पटकीचे विष आणि पेशीच्या मेदाचा हात

१/२४
३० मे १९५९. 'नेचर' या नियतकालिकात कलकत्त्याच्या एका विकृतिशास्त्रज्ञाचा जेमतेम दोन पानांचा लेख प्रसिद्ध झाला. पटकीचे, म्हणजेच कॉलऱ्याचे विष असते कोठे, या पंचाहत्तर वर्षे अडून राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. त्या विषाचा माग काढता काढता पुढे पेशीभोवतालच्या मेदाविषयीची शास्त्रज्ञांची समजूतच पालटली. लेखकाचे नाव शंभुनाथ दे. त्या विषाची, त्या मेदाची आणि त्या माणसाची ही हकिकत. थ्रेड 🧵

२/२४
मराठी मुलखाला हा रोग परका नव्हता. पटकी, महामारी ही त्याची नावे. आणि गावोगावी असलेली मरीआईची ठाणी ही त्याच्या भयाची खूण. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळेपर्यंत दगावू शकत असे. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होत आणि काही रुग्णांच्या शरीरातून दिवसाला १० लिटरांहूनही अधिक पाणी निघून जाई. डोळे खोल जात, कातडी सुरकुतत असे, रक्त घट्ट होई आणि नाडी हाताला लागेनाशी होई.

३/२४
१८१७ मध्ये बंगालमधील जेसोरकडून निघालेली साथ आशियाभर पसरली. पुढील लाटा युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचल्या. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखवून जॉन स्नो याने हा रोग पाण्यातून पसरतो असे मांडले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याने मृतांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू पाहिले. परंतु त्याच्या निरीक्षणाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

४/२४
रॉबर्ट कॉख १८८३ मध्ये इजिप्तमार्गे कलकत्त्यास आला आणि १८८४ च्या आरंभी त्याने तोच जंतू रोगाचे कारण म्हणून जगापुढे ठेवला. त्याचे आणखी एक अनुमान होते. हा जंतू आतड्याच्या पोकळीतच राहतो, रक्तात शिरत नाही. तरीही माणूस मरतो. अर्थात तो आतड्यात एखादे विष सोडत असला पाहिजे. अनुमान अचूक होते. सिद्ध करणे मात्र कॉखला साधले नाही, कारण प्राण्यांमध्ये हुबेहूब पटकी उत्पन्न करण्याची खात्रीची रीत कोणापाशीच नव्हती.

५/२४
पुढच्या काही वर्षांत घटसर्प आणि धनुर्वात यांची विषे हाती लागली. जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला, जंतू मागे राहिले आणि गाळीव द्रवाने एकट्याने रोगलक्षणे घडवली. पटकीच्या बाबतीत मात्र वाट चुकली. कॉखचाच सहकारी रिचर्ड फायफर याने १८९२ मध्ये मेलेल्या पटकीजंतूंच्या देहातच एक विष असल्याचे दाखवले. त्याला 'अंतर्विष' म्हणजे एंडोटॉक्सिन हे नाव मिळाले.

६/२४
फायफरचा शोध खोटा नव्हता. पण तो पटकीच्या जुलाबांचे कारण सांगत नव्हता. तरीही पुढील कित्येक दशके संशोधक जंतूंचे अर्क प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत वा रक्तात टोचत राहिले. प्राणी मरत, जुलाब काही होत नसत. रोग आतड्याचा आणि शोध रक्तात, असा हा उलटा प्रकार चालू राहिला.

७/२४
शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ मध्ये हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली विकृतिशास्त्राचे संशोधन करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून ते कलकत्त्यास परतले. तेथील रुग्णालयांत पटकीचे रुग्ण समोरच होते. दे यांनी प्रश्न पुन्हा मुळापासून मांडला: रोग आतड्यात होतो, तर मग प्रयोगही आतड्यातच का करू नये?

८/२४
१९५३ मध्ये त्यांनी आणि डी. एन. चटर्जी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. सशाला भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून बंद करायचा. त्या बंद वेटोळ्यात पटकीचे जंतू सोडायचे आणि पोट पुन्हा शिवायचे. दुसऱ्या दिवशी ते वेटोळे तांदळाच्या धुवणासारख्या द्रवाने टम्म फुगलेले आढळले. शेजारच्या, नुसता निर्जंतुक द्रव सोडलेल्या वेटोळ्यात काहीच साचले नव्हते.

९/२४
सशाचे आतडे हीच आता परीक्षानळी झाली. १९५९ मध्ये दे यांनी निर्णायक पाऊल टाकले. जंतू वाढवलेला द्रव त्यांनी गाळून घेतला, त्यात एकही जंतू उरला नाही याची खात्री केली आणि केवळ तो गाळीव द्रव वेटोळ्यात सोडला. वेटोळे तसेच फुगले. याचा अर्थ स्पष्ट होता: विष जंतूच्या देहात अडकलेले नसून तो ते बाहेर सोडतो, आणि त्याचे लक्ष्य आतडे आहे. कॉखचे अनुमान पंचाहत्तर वर्षांनी, त्याच कलकत्त्यात, सिद्ध झाले.

१०/२४
त्याच वर्षी मुंबईतही हा धागा हाती लागला होता. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये सशाच्या तान्ह्या पिल्लांमध्ये पटकीसारखा रोग घडवण्याची रीत बसवली होती. १९५९ मध्ये दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेल्या अर्कानेही त्या पिल्लांना जुलाब होतात असे दाखवले. ज्या वाल्डेमार हाफकिनने १८९० च्या दशकात कलकत्त्यात पटकीची लस टोचली, त्याच्याच नावाच्या संस्थेत हे घडले.

११/२४
आता पुढचा प्रश्न: विष आतड्याला नेमके करते काय? जुनी समजूत अशी की आतड्याचे अस्तरच सोलून निघते. १९५८-५९ च्या साथीत बँकॉकमध्ये युजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. अस्तर शाबूत होते. पूर्वी प्रेतांमध्ये दिसलेली पडझड ही मृत्यूनंतरची होती. म्हणजे पाणी वाहून जात होते, पण भिंत उभीच होती.

१२/२४
ही भिंत कशाची असते, हे येथे पाहावे लागते. १९२५ मध्ये लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी लाल रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरवला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापत होता. त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीभोवती मेदरेणूंचा दुहेरी थर असतो. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. या थराला पेशीपटल म्हणतात. दीर्घकाळ त्याकडे केवळ आतबाहेर वेगळे ठेवणारा तेलकट पडदा म्हणून पाहिले गेले.

१३/२४
हा पडदा फाडणारी विषे ठाऊक होती. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे स्नायू सडवणाऱ्या वायुकोथाच्या जंतूचे विष घ्या. १९४१ मध्ये मार्जरी मॅकफार्लेन आणि बी. सी. जे. जी. नाइट यांनी ते विष म्हणजे लेसिथिन या मेदाला कापणारे विकर असल्याचे दाखवले. जंतूचे विष रासायनिकदृष्ट्या कसे काम करते, याचा हा पहिला उलगडा. दुसऱ्या काही जंतूंची विषे पटलातील कोलेस्टेरॉलला धरून तेथे भोके पाडतात. पटकीचे विष मात्र कापत नव्हते आणि भोकही पाडत नव्हते.

१४/२४
सुगावा एका जुन्या प्रयोगात दडलेला होता. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये वासरमान आणि ताकाकी यांनी धनुर्वाताच्या विषात मेंदूचा लगदा मिसळला, तेव्हा ते विष निष्प्रभ झाले. मेंदूतील कोणता तरी पदार्थ विषाला धरून ठेवीत होता. १९४२ मध्ये जर्मन रसायनज्ञ अर्न्स्ट क्लेंक याने मेंदूतील एका मेदाला 'गँग्लिओसाइड' हे नाव दिले. या मेदाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या शेपट्या पटलात रुतलेल्या असतात आणि डोक्यावर शर्करेच्या कड्यांची साखळी पेशीबाहेर डोलत असते.

१५/२४
ऑक्सफर्डचे डब्ल्यू. ई. व्हान हेनिंगेन यांनी १९५९ च्या सुमारास या दोन गोष्टी जोडल्या. धनुर्वाताचे विष मेंदूत ज्याला चिकटते तो पदार्थ गँग्लिओसाइडच आहे, असे त्यांनी मांडले. विष धरणारा 'हात' म्हणजे प्रथिनच असणार, असा सर्वसाधारण ग्रह असताना येथे मेदाचे नाव पुढे आले. पण धनुर्वात हा मज्जातंतूंचा रोग, पटकी आतड्याची. दोहोंचा संबंध कोणाच्या सहज ध्यानात येण्याजोगा नव्हता.

१६/२४
१९६९ मध्ये टेक्ससमधील डॅलस येथे फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी पटकीचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९७१ मध्ये व्हान हेनिंगेन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी पटकीच्या विषात गँग्लिओसाइड मिसळून पाहिले. विष निष्प्रभ झाले. १९७३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधील यान होल्मग्रेन, लार्स स्वेन्नरहोल्म आणि सहकाऱ्यांनी, तसेच इतर काही गटांनी, नेमका रेणू निश्चित केला: जीएम-१ हे गँग्लिओसाइड. मेंदूत विपुल आढळणारा हा मेद आतड्याच्या पेशींवरही असतो.

१७/२४
विषाची घडणही हळूहळू उकलली. त्याचे दोन भाग. एक 'ए', तो खरा घातकी. दुसरा 'बी', पाच सारख्या तुकड्यांचे कडे. हे पाचही तुकडे प्रत्येकी एक असे पाच जीएम-१ रेणू धरू शकतात. एका बोटाने धरलेली वस्तू निसटते. पाचही बोटांची मूठ सहसा सुटत नाही. १९९० च्या दशकात स्फटिकचित्रांतून ही मूठ प्रत्यक्ष दिसली.

१८/२४
येथून विषाच्या इतिहासात मेदाचा इतिहास मिसळतो. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पेशीपटल हे वाहते असते, त्यातील रेणू पाण्यावरील पानांसारखे सरकत राहतात, असे मांडले. १९७५ मध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर पटकीचे चमकते विष सोडले गेले, तेव्हा पटलभर विखुरलेले जीएम-१ रेणू सरकत एकत्र आले आणि ठिपक्यांत गोळा झाले. विष नुसते चिकटत नव्हते. ते मेदाची मांडणी बदलत होते.

१९/२४
१९९७ मध्ये काई सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी 'मेदतराफ्यां'ची कल्पना मांडली: वाहत्या पटलात कोलेस्टेरॉल आणि काही विशिष्ट मेद एकत्र येऊन दाट, सुव्यवस्थित तराफे बनतात. हे तराफे पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी पटकीच्या विषाचा निरुपद्रवी 'बी' भाग खूण म्हणून वापरला, कारण तो जीएम-१ ला अचूक धरतो. ज्या विषाने गावेच्या गावे ओस पाडली, त्याचाच एक भाग आता पेशीच्या नकाशावरील टाचणी झाला होता.

२०/२४
पण टाचणी टोचताच नकाशा बदलत असेल तर? २००५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला. कृत्रिम पटलात सर्व मेद एकजीव, समरस पसरलेले होते. त्यात जीएम-१ धरणारा 'बी' भाग सोडला, तेव्हा ते पटल दाट आणि विरळ अशा दोन प्रकारच्या प्रदेशांत विभागले गेले. काही तराफे आधीपासून असतात, तर काही विषाची मूठच घडवते. साधन म्हणून वापरलेली वस्तू पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करते, हा धडा इतिहासाच्या अभ्यासकांनाही ओळखीचा वाटावा.

२१/२४
२००७ मध्ये पॅरिसमधील लुडविग योहानेस यांच्या गटाने आमांशाच्या जंतूशी संबंधित शिगा विषाबाबत आणखी पुढची गोष्ट दाखवली. हे विषही गँग्लिओसाइडचाच नातलग असलेला एक शर्करायुक्त मेद धरते आणि त्या पकडीनेच पटल आत वाकवून त्याची नळी घडवते. पेशीने दार उघडण्याची वाट विष पाहत नाही. मेद ओढून ते स्वतःसाठी वाट घडवते. शतकभर 'निर्जीव पडदा' मानलेला थर विषाच्या स्पर्शाने वाकतो, सरकतो, एकवटतो.

२२/२४
आत शिरलेले पटकीचे विष पेशीच्या आतल्या पटलांतून उलट्या दिशेने प्रवास करते. तेथे 'ए' भाग सुटतो आणि पेशीचे एक संदेशवाहक प्रथिन कायमचे 'चालू' ठेवतो. पेशी क्षार बाहेर टाकत राहते आणि क्षारांमागून पाणी. पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी पेशीची यंत्रणा शाबूतच असते. १९६० च्या दशकात ढाका आणि कलकत्ता येथील संशोधकांनी हीच वाट उपचारासाठी वापरली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

२३/२४
आणि दे? १९५९ च्या लेखाकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७३ मध्ये, म्हणजे जीएम-१ निश्चित झाला त्याच वर्षी, ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले. तेथे त्यांनी आपण केव्हाच मेलेलो होतो, समितीने आपल्याला उकरून बाहेर काढले, अशा अर्थाचे उद्गार काढले. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. १५ एप्रिल १९८५ रोजी दे यांचे निधन झाले. हयातीत देशातील कोणत्याही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तो १९९० मध्ये.

२४/२४
कलकत्त्यात दोऱ्याने बांधलेले सशाचे आतडे आणि कॉर्नेलमधील कृत्रिम पटल यांच्यात शेहेचाळीस वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. तरी धागा एकच: विष जेथे काम करते तेथे जाऊन ते पाहणे. विषाचा 'बी' भाग आज पटकीच्या एका तोंडाने घ्यावयाच्या लशीतही वापरला जातो. बनगावचे ते द्रावण घराघरांत पोहोचले आणि महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पटकी जगातून गेलेली नाही. स्वच्छ पाणी जेथे पोहोचत नाही तेथे ती आजही माणसे मारते. पुढच्या वेळी साखर-मिठाच्या पाण्याची पुडी हातात येईल, तेव्हा महालनबीस यांच्याबरोबर शंभुनाथ दे हे नावही आठवावे.

समाप्त.
#इतिहास #विज्ञानाचाइतिहास #मराठी